बँजोच्या पोटातील तार : मिरवणुकीतल्या एका आवाजाचा इतिहास (धागा)

सोलापुरात, किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात, लहानाचा मोठा झालेल्या माणसाला बँजो म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हातगाडीवर बांधलेले कर्णे, त्यांच्यामागे ताशा आणि ड्रम, पुढे नाचणारी पोरे, आणि या साऱ्या गदारोळावर तरंगत जाणारा एक धारदार, किंचित अनुनासिक सूर. तो ज्या लांबट लाकडी पेटीतून निघतो तिच्यावर टंकयंत्रासारख्या कळा असतात. कुणी तिला बँजो म्हणतो, कुणी बेंजो. संगीताच्या पुस्तकांत तिचे नाव बुलबुल तरंग.

मित्रहो, आजचा धागा या पेटीविषयी आहे. नेमके सांगायचे तर तिच्या पोटातील एका तांब्याच्या तारेविषयी, आणि ती तार जिथे जोडलेली असते त्या मोहरीएवढ्या टाक्याविषयी. धागा लांब आहे. राजे, तह आणि लढाया यांपैकी त्यात काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एक कबुली. आमच्या पेठेत एक काका राहतात. तरुणपणी ते बँजो पार्टीत वाजवीत. आता गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे मिरवणूक गॅलरीतून पाहतात. त्यांचा जुना विजेचा बँजो मुका झाला होता. ‘तू शिकलेला आहेस, बघ जरा,’ म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला. इतिहासाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा वाद्यदुरुस्तीशी संबंध काय, हे मी त्यांना विचारले नाही. शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी कधीकाळी सोल्डरिंग केले होते, तेवढ्या बळावर पेटी उघडली.

तारांच्या खाली, घोडीपासून चार बोटांवर, कापडी चिकटपट्टीत गुंडाळलेली एक वस्तू होती. पट्टी सोडवली तेव्हा आत लोहचुंबकाची एक कांडी आणि तिच्याभोवती गुंडाळलेले, जुन्या तपकिरी रंगाचे, केसासारख्या तारेचे वेटोळे दिसले. हा पिकअप. वेटोळ्यापासून निघालेल्या दोन टोकांपैकी एक टोक बाहेरच्या जाड वायरीपासून सुटलेले होते. निदान सोपे होते. मी शेजाऱ्यांकडून ६० वॉटचे सोल्डरिंग आयर्न आणले, टोक धरले, जरासे ओढले, आणि ते वेटोळ्याच्या मुळाशीच तुटले. आवाज झाला नाही. मला फक्त एवढेच कळले की हातात आता काही नाही.

तो तुकडा हातातून गेल्यावर जे वाचन सुरू झाले, त्यातून हा धागा निघाला आहे.

पिकअप म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी १८३१ मध्ये जावे लागते. त्या वर्षी लंडनमध्ये मायकेल फॅरेडे याने दाखवून दिले की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. वीजनिर्मिती केंद्रातील महाकाय जनित्रे या तत्त्वावर फिरतात आणि बँजोच्या पोटातील बोटभर वस्तूही त्याच तत्त्वावर बोलते. चुंबकाच्या सान्निध्यात वाद्याची पोलादी तार स्वतः थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की क्षेत्र थरथरते आणि वेटोळ्यात तितक्याच वेगाने इकडून तिकडे हेलकावणारा क्षीण प्रवाह निर्माण होतो. त्याचा दाब असतो व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. कर्ण्यातून चौकभर ऐकू येण्याइतका तो वाढवणे हे ॲम्प्लिफायरचे काम. परंतु मुळात आवाज विजेत उतरतो तो या वेटोळ्यात.

या तत्त्वाचा वाद्यासाठी पहिला यशस्वी व्यापारी उपयोग व्हायला मात्र शंभर वर्षे लागली. आणि तो करणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता, वादक होता. जॉर्ज बोशँप हा लॉस एंजेलिसमधला हवाईयन गिटार वाजवणारा गृहस्थ. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजवतात. आवाज मोठा गोड, पण पितळी वाद्यांच्या ताफ्यासमोर तो बुडून जाई. घरच्या टेबलावर, एका घरगुती यंत्राची मोटर वापरून बोशँपने वेटोळे गुंडाळले, त्यावर नालेच्या आकाराचे दोन चुंबक बसवले, आणि अडॉल्फ रिकनबॅकर याच्या साहाय्याने १९३२ मध्ये ओतीव ॲल्युमिनियमची एक गिटार बाजारात आणली. गोल पोट आणि लांब दांडा यांमुळे तिला लोकांनी ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असे नाव दिले. पेटंटचा अर्ज १९३४ चा, मंजुरी १० ऑगस्ट १९३७ ची. मधल्या काळात इतर कंपन्यांनी तीच युक्ती उचलून स्वतःच्या गिटारी विकायला सुरुवातही केली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. विजेवर बोलणारे हे पहिले लोकप्रिय तंतुवाद्य बसून, आडवे ठेवून वाजवण्याचे होते. आज इलेक्ट्रिक गिटार म्हटले की डोळ्यांसमोर उभा राहून वाजवणारा रॉक कलावंत येतो. ते चित्र नंतरचे. भारतातही विजेची गिटार प्रथम रुजली ती हवाईयन रूपातच. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांच्या गिटारीवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या आपल्या आजोबांच्या पिढीने रेडिओवर मनसोक्त ऐकल्या आहेत. आडवी पेटी, पोलादी तारा आणि खाली वेटोळे, हे दृश्य बँजोवाल्याला परके का वाटले नसेल, याचे उत्तर मला येथे दिसते.

आता बँजोकडे. त्याचे नाव फसवे आहे. अमेरिकेतील बँजो हे कातडे मढवलेले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी घडवलेले वाद्य. आपल्या बँजोशी त्याचे रक्ताचे नाते नाही. आपला बँजो जपानचा. नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने १९१२ मध्ये दोन तारांच्या एका पारंपरिक जपानी वाद्याला टंकयंत्राच्या कळांची जोड दिली. कळ दाबली की खालची धातूची पट्टी तारेवर टेकते आणि सूर बदलतो. उजव्या हातात नखी. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो युग सुरू झाले, म्हणून वाद्याचे नाव ताइशोगोतो. कळांवर खुणा असल्यामुळे कान तयार नसलेल्या माणसालाही सूर सापडे. स्वस्त, टिकाऊ आणि शिकायला सोपे, असे हे वाद्य पाहता पाहता जहाजांवर चढले.

नागोया हे तेव्हा वाद्यांचे आणि कापडाचे असे दोन्ही प्रकारचे शहर होते. सुझुकी मासाकिची यांचा व्हायोलिनचा कारखाना तेथलाच, आणि तोयोदा घराण्याचा मागांचा उद्योगही त्याच परिसरातला. सोलापूरकराला ही जोडी ओळखीची वाटावी. जपानी गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो हिंदुस्थानात होता. निप्पॉन यूसेन कैशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने जपान ते मुंबई हा थेट जहाजमार्ग सुरू केला तो १८९३ मध्ये, म्हणजे टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले त्याच वर्षी. (सोलापूरकर येथे लगेच आठवण करून देतील की आमचा आजोबा गणपती त्याहून जुना, १८८५ चा मानला जातो. नोंद घेतली आहे.) जाताना कापूस आणि येताना काचसामान, खेळणी, छत्र्या, आणि पुढे वाद्ये. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन गोष्टींची गाठ काही दशकांनी एका हातगाडीवर पडणार होती. हा योगायोगच आहे, त्यात नियती शोधू नका. मला तो आवडतो, इतकेच.

ताइशोगोतो जेथे जेथे गेला तेथे त्याने निराळे नाव घेतले. उत्तर हिंदुस्थानात बुलबुल तरंग. बलुचिस्तानात त्याचा आकार वाढवून ‘बेंजू’ झाला आणि तेथील लोकसंगीतात त्याला मानाचे पान मिळाले. कराचीचा बिलावल बेल्जियम हा त्याचा नामांकित वादक. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब संगीतातही तो शिरला. बलुची ‘बेंजू’ आणि आपला ‘बेंजो’ ही एकाच अरबी समुद्राच्या दोन काठांवरची सख्खी भावंडे आहेत. ‘बेंजो’ म्हणणाऱ्याला ‘बँजो म्हण’ असे सुचवणाऱ्या सुशिक्षितांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

घरात, अंगणात, भजनाच्या ओसरीवर बुलबुल तरंग पुरेसा बोलतो. पण रस्त्यावर? बोशँपची अडचण आणि मिरवणुकीतल्या वादकाची अडचण एकच: शेजारी ताशा असेल तर तारेचा आवाज वादकाच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोहोचत नाही. त्यामुळे पिकअप बसला नसता तर बँजो घरगुती वाद्य म्हणूनच राहिला असता आणि आज अडगळीत पडला असता. महाराष्ट्राच्या रस्त्यावरचा बँजो हा जन्माने जपानी असला तरी त्याचा आवाज वेटोळ्याने दिलेला आहे.

आणि हे वेटोळे बँजोला सहज मानवले, याचे कारण धातूत आहे. चुंबकीय पिकअपला फक्त लोहयुक्त तार ‘ऐकू’ येते. पितळ, तांबे, कातडी तात, नायलॉन यांच्या बाबतीत तो जवळजवळ बहिरा. आपल्या शेजारच्या मिरजेचे उदाहरण घ्या. तेथील तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी ती उभी केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या तंबोऱ्यांचे भोपळे पिकतात आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. पण तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची. त्याच्याखाली बँजोचा पिकअप धरला तर इतर तारा बोलतील आणि खर्ज, ज्यावर सगळा डोलारा उभा, तोच मुका राहील. म्हणून तंबोऱ्याला मायक्रोफोन किंवा लाकडाची थरथर टिपणारा दुसऱ्या जातीचा पिकअप लागतो. बँजोच्या तारा पोलादाच्या. त्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता तो वेटोळे बनवणार कोण आणि जोडणार कोण, हा.

स्वातंत्र्यानंतरची काही दशके परदेशी वाद्यसामान आयात करणे म्हणजे परवाने, जकात आणि ओळखीपाळखी. मुंबईतल्या रॉक बँडची मुलेसुद्धा गिटारी आणि ॲम्प्लिफायर येथेच कुणाकडून तरी बनवून घेत. गिरणगावातला किंवा सोलापूरच्या पूर्व भागातला बँजोवाला अमेरिकेतून पिकअप मागवील, हे शक्यच नव्हते. त्याच्या गल्लीत मात्र दोन माणसे होती. एक रेडिओ मेकॅनिक. रेडिओ बाळगायलाही तेव्हा टपाल खात्याकडून परवाना घ्यावा लागे, पण तो दुरुस्त करणारा प्रत्येक बाजारपेठेत असे, आणि त्याच्या टेबलावर तापलेले आयर्न, राळ आणि शिसे-कथलाची तार सदैव तयार. दुसरा माणूस, माझ्या मते अधिक महत्त्वाचा, तो म्हणजे मोटर वाइंडिंगवाला.

सोलापूर हे १८७० च्या दशकापासून गिरण्यांचे गाव. गिरण्यांनंतर ते यंत्रमागांचे झाले. यंत्रमाग म्हणजे मोटर, आणि मोटर म्हणजे ती कधी ना कधी जळणार. जळाली की जुने वेटोळे फोडून नवी तार गुंडाळणारे दुकान हवे. पूर्व भागात चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या मागांच्या खडखडाटात अशी दुकाने आजही दिसतात: दारात तांब्याच्या तारेची रिळे, आत हाताने फिरवायचे, फेरे मोजणारे छोटे यंत्र. ज्याच्या हाताला पंख्याचे आणि मोटरचे वेटोळे गुंडाळायची सवय आहे, त्याला पिकअपचे वेटोळे ही तत्त्वतः नवी गोष्ट नाही. ते फक्त भयंकर बारीक आहे. चादर विणणाऱ्या शहराने मिरवणुकीला आवाज दिला, असे जर मी म्हटले तर ते अलंकारिक विधान समजू नका. तारेच्या रिळापर्यंत तो हिशेब पोहोचतो.

किती बारीक? फेंडर कंपनीच्या प्रसिद्ध गिटारीतील एका पिकअपमध्ये ४२ गेजची तार वापरतात. जाडी सुमारे ०.०६ मिलिमीटर. आपल्याकडच्या वाइंडिंगच्या दुकानात ज्याला ४६ नंबर म्हणतील तीच जवळपास. माणसाचा केसही अनेकदा याहून जाड असतो. अशा तारेचे सुमारे आठ हजार फेरे, म्हणजे बोटभर वस्तूत एक किलोमीटरहून थोडी अधिक तार. होटगी रोडवर ती सरळ पसरली तर चालायला दहा-पंधरा मिनिटे लागतील. आणि या किलोमीटरभर तारेची फक्त दोन टोके बाहेर येतात. सगळे काही त्या दोन टोकांच्या टाक्यांवर अवलंबून.

आता त्या टाक्याकडे येतो. सोल्डर हा शब्द नवा, कसब जुने. सोनार दागिना जोडताना टाकणखार लावून फुंकणीने ज्योत वळवतो, डाख देतो. तांब्या-पितळेचे भांडे झाळायला येणारा कारागीर आणि कल्हईवाला, दोघांकडे कथील आणि नवसागर. कल्हईवाल्याची कृती आठवा: भांडे तापवायचे, नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर उठताच कथलाचा स्पर्श करून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र फिरवायचे. नवसागर तेथे काय करतो? धातूवरचा गंज खातो, म्हणजे कथील नितळ धातूला बिलगते. तारेच्या टाक्यात हेच काम राळ करते. नवसागर विजेच्या कामात चालत नाही. मागे राहिलेले क्षार बारीक तार हळूहळू खाऊन टाकतात. जुन्या पेट्यांत हिरवी बुरशी चढलेले टाके दिसतात, त्यांत पुष्कळदा अशाच तिखट पेस्टचा हात असतो.

शिसे-कथलाचे मिश्रण १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते. हे तापमान चुलीच्या मानाने काहीच नाही, पण केसाएवढ्या तारेला तेही पुष्कळ. त्यात तारेवर इनॅमलचा पातळ थर. तो नसता तर शेजारचे फेरे एकमेकांना टेकून वीज आडवाटेने निघून गेली असती. टाका देण्याआधी टोकावरचा थर काढावा लागतो. नव्या तारांचे इनॅमल आयर्नच्या उष्णतेने जळून जाते. जुन्या तारांचे ब्लेडच्या धारेने किंवा बारीक पॉलिश पेपरने खरवडावे लागते, आणि खरवडताना तार तुटते. मग त्या टोकाला आधी कथील पाजायचे, म्हणजे अक्षरशः कल्हई करायची. जाड वायर आधी कडीत पक्की करायची, बारीक तार तिच्याभोवती सैलसर दोन-तीन वेढे देऊन नंतर. ती कधीही ताणून ठेवायची नाही, कारण लाकूड हवेप्रमाणे फुगते-आक्रसते आणि ताणलेली तार पहिल्याच थंडीत जाते. आयर्न २५ वॉटचे, टोक स्वच्छ, स्पर्श एक-दोन सेकंदांचा. जास्त वेळ धरले तर कडी सैल होते, कमी धरले तर टाका ‘थंड’ पडतो: चमक नाही, दाणेदार, दिसायला जोड आणि प्रत्यक्षात नाही. असा टाका घरी चालतो आणि चौकात ताशाच्या हादऱ्याने दगा देतो.

यातले मी सगळे चुकवले होते.

काकांचा बँजो घेऊन मी शेवटी एका वाइंडिंगच्या दुकानात गेलो. मालक साठीचे. त्यांनी भिंगातून पाहिले, माझ्या ६० वॉटच्या पराक्रमाची कथा ऐकली आणि म्हणाले, ‘मालक, हे बादलीला डाख द्यायचं काम न्हवं. फुंकर मारली तरी तुटतंय हे.’ (सोलापुरात दुकानदारही गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो मला कुठल्याच पुस्तकात भेटला नव्हता: ‘तुटलंय ते आतलं टोक का बाहेरचं?’

वेटोळ्याचे एक टोक गुंडाळणीच्या आरंभाचे, ते आठ हजार फेऱ्यांच्या खाली गाडलेले. दुसरे शेवटचे, सर्वांत वरचे. आतले टोक मुळाशी तुटले तर वेटोळे मेले. सगळी तार काढून नव्याने गुंडाळणे हाच उपाय, आणि मग तो जुना आवाज परत येईलच असे नाही. बाहेरचे तुटले असेल तर वरचा एखादा फेरा उलगडायचा, नवे टोक मिळते. त्यांनी सुईच्या अग्राने तपकिरी थरात कुठेतरी शोधले. मी श्वास रोखून उभा. बाहेरचे निघाले.

अर्धा फेरा उलगडला, टोक खरवडले, कथील पाजले, वेढे दिले, स्पर्श केला. माझ्या मोजणीने दीड सेकंद. मग वितळलेल्या मेणाचा एक थेंब, टाका हलू नये म्हणून. मोठ्या कारखान्यांत संपूर्ण पिकअपच मेणात बुडवतात, नाहीतर सैल फेरे स्वतःच थरथरून कर्ण्यात शिटी घालतात. येथे मेण देवघरातल्या मेणबत्तीचे होते.

मल्टिमीटरवर आकडा आला तेव्हा मी त्यांना विचारले, हे वेटोळे मुळात कुणी गुंडाळले असेल? त्यांनी पट्टीचा तुकडा उलटसुलट पाहिला. ‘आमच्यासारखंच कोणतरी,’ म्हणाले.

हे उत्तर घेऊन मी मार्गदर्शकांकडे गेलो, प्रबंधाचा विषय म्हणून. त्यांनी विचारले, साधने कुठे आहेत? प्रश्न रास्त आहे. १८८४ च्या सोलापूर गॅझेटिअरमध्ये सोनार, कासार, लोहार यांची वर्णने सापडतात, कारण इंग्रज अधिकाऱ्याला जातिनिहाय व्यवसाय लिहून ठेवायचे होते. पंखे आणि रेडिओ दुरुस्त करणारा माणूस कोणत्याच जातीच्या रकान्यात बसत नाही आणि कोणत्याच गिरणीच्या हजेरीपटावर नसतो. पावतीपुस्तक भरले की रद्दीत.

तुलनेसाठी एक नाव सांगतो. अबिगेल इबारा. ही १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील फेंडरच्या कारखान्यात कामाला लागली आणि पिकअपची वेटोळी गुंडाळू लागली. तिच्यासोबत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया तिच्यासारख्याच मेक्सिकन वंशाच्या होत्या. बारीक तारेवर हाताचा ताण किती ठेवायचा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. पुढे तिच्या हातचे पिकअप संग्राहक शोधू लागले, तिची स्वाक्षरी असलेल्या पिकअपला वेगळा भाव आला, आणि २०१३ मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा गिटारजगतात त्याची दखल घेतली गेली. ज्या गिटारी वाजवून पुरुष देवपदाला पोहोचले त्यांच्या पोटातला आवाज कुणाचा, हे निदान उशिरा तरी लिहिले गेले. तिच्याकडे एक मोठी कंपनी होती, कंपनीकडे नोंदी होत्या. आपल्याकडे चिकटपट्टी आहे.

म्हणून माझे मार्गदर्शकांना उत्तर असे होते की, वस्तू हेच साधन. ताम्रपट वाचतो तसा पिकअप वाचता येतो. चुंबक कुठून काढला: टेलिफोनच्या रिसीव्हरमधून, स्पीकरमधून, की विकत आणला? इनॅमल कोणत्या रंगाचे? टाका राळेचा की पेस्टचा? पट्टी कापडी की प्लास्टिकची? पुन्हा गुंडाळल्याच्या खुणा किती? काकांच्या बँजोत टाक्यांच्या किमान तीन पिढ्या दिसल्या, तीन निरनिराळ्या हातांच्या. त्यांतला एक हात फार सफाईदार होता.

एका गोष्टीचा उल्लेख राहिला: गुणगुण. एकेरी वेटोळे वाद्याची तार ऐकते तशी घरातली वीजही ऐकते. आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, त्याची घरघर कर्ण्यात उतरते. अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने दोन वेटोळी उलटसुलट जोडून ही घरघर एकमेकांत विरवली. अर्ज १९५५ चा, गिटारी १९५७ च्या. त्यात टोके चार होतात आणि एखादे उलटे जोडले तर घरघरीऐवजी सूरच विरतो. आपल्या बँजोवाल्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता: त्याचा आहुजा ॲम्प्लिफायर हातगाडीवर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले, भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही. मांडवातून लाइन घेतली की मात्र घरघर हजर. काका म्हणतात, रस्त्यावर निघाल्यावर बँजो ‘सुटायचा’. मला वाटे ही कलावंताची भाषा आहे.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतरचे कर्णे बंद केले, सणांच्या मोजक्या दिवसांची सवलत सोडून. पण बँजोला खरा धक्का नियमांचा नव्हता, कीबोर्डचा आणि डीजेच्या भिंतींचा होता. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या वादकांच्या पोटापाण्याची थोडी चर्चा झाली. आमच्या भागातल्या पार्ट्या त्याआधीच कमी होऊ लागल्या होत्या. पेट्या माळ्यावर गेल्या. भंगारवाला त्या लाकडाच्या भावाने नव्हे, आतल्या तांब्याच्या भावाने घेतो. म्हणजे साधन म्हणून जे मोलाचे तेच आधी वितळते.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरी, वाड्यात, मंडळाच्या खोलीत जुना विजेचा बँजो असेल तर तो उघडा आणि पिकअपचे फोटो काढून या धाग्याखाली टाका: चुंबक, वेटोळे, दोन्ही टाके, पट्टी, कुणी काही लिहिले असेल तर ते. गाव आणि अंदाजे साल लिहा. वाजवणाऱ्यांची नावे त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. आणि तारेला हात लावू नका. विशेषतः आतल्या टोकाला.

काकांचा बँजो परवा परत दिला. त्यांनी कर्णा नव्हे, नातवाचा ब्लूटूथ स्पीकर जोडून पाहिला. दोन-तीन कळा दाबल्या, मान तिरकी करून ऐकले आणि म्हणाले, ‘तिसरी तार उतरलीय.’ मग तारा जुळवायला बसले ते बसलेच. मी निघालो तेव्हाही जुळवीत होते.